पोलादी घड्याळ आणि हिऱ्यांचे घड्याळ

महागडी स्विस घड्याळे जमविणाऱ्या शौकिनांत दोन पंथ आहेत. एकाला रत्नजडित घड्याळांची ओढ. रोलेक्सने २०१२ साली आणलेल्या 'रेनबो' डेटोना घड्याळात तबकडीभोवतीच्या कड्यावर नीलम जातीचे ३६ रंगीत खडे इंद्रधनुष्याच्या क्रमाने बसविले आहेत. एका रंगातून दुसरा अलगद उमलावा असे खडे जुळवणे हे सोपे काम नव्हे. दुसरा पंथ मात्र ते पाहून नाक मुरडतो. घड्याळाचे मोल आतल्या यंत्रात, वरचे हिरे म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शन, असे त्याचे म्हणणे.

आपण ख्रिस्ती माणसे चटकन दुसऱ्या पंथाकडे झुकतो. पण जरा थांबून पाहू या. नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनिव्हातील लिलावात पाटेक फिलीपचे एक घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेले, आणि ते होते चक्क पोलादी! (तो लिलाव स्नायूंच्या एका दुर्धर आजारावरील संशोधनाच्या मदतीसाठी होता, हेही सांगायला हवे.) तेव्हा पोलाद दिसले म्हणून साधेपणाचे प्रशस्तिपत्र देता येत नाही. 'आम्हाला हिरे लागत नाहीत' या म्हणण्यातही गर्व असू शकतो.

जिनिव्हाचा इतिहास तर गमतीचाच आहे. सोळाव्या शतकात कॅल्विनच्या प्रभावाखाली तेथे दागिन्यांवर निर्बंध आले, तेव्हा सोनार घड्याळांकडे वळले. १६०१ साली घड्याळजींचा संघही स्थापन झाला. दारातून घालवलेला दागिना घड्याळ होऊन खिडकीतून आत आला.

मग हिरेवाल्यांचे बरोबर म्हणायचे का? बेथानीत मरीयेने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले, तेव्हा ते ३०० दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले. प्रश्न बिनतोड वाटतो; पण त्याला गरिबांची पर्वा नव्हती, असे संत योहान स्पष्ट लिहितो. प्रभूने मरीयेची बाजू घेतली. म्हणून मौल्यवान वस्तू दिसताच 'उधळपट्टी' म्हणून ओरडणे आम्हाला पटत नाही. मात्र शौकिनाने हा दाखला आपल्या तिजोरीसाठी वापरू नये. मरीयेने तेल दुसऱ्यासाठी ओतले, ते संपले, घरभर सुवास दरवळला. संग्रहातले घड्याळ पुष्कळदा मालकाच्या मनगटावरही चढत नाही.

आपल्याकडे असली घड्याळे नाहीत, लग्नसराई आहे. मंडपात कोणाच्या गळ्यात किती तोळे, हे नजरेनेच मोजले जाते. आणि त्याच मंडपात 'आमचे आपले साधेच' असे चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगणारेही असतात.