माझे कोणते?

सज्जनहो, वर्तमानपत्र उघडावे तो पानोपानी एकच वाद : हे माझे! कोठे धुऱ्यासाठी भाऊ भावाशी भांडतो, कोठे महामार्गाच्या मोबदल्यासाठी भावंडे कोर्टात उभी राहतात. आपल्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचेच पाहा ना! अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या देवळासाठी दिगंबर व श्वेतांबर या दोन जैन पंथांचा वाद. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, तरी तो मिटला नाही. १९८१ साली कुलूप पडले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ साली निघाले. परक्याचे म्हणून हसू नका. तेच कुलूप आपल्या घरात आहे.

कोणी म्हणेल, "महाराज, सोडून द्यावे, सगळे पांडुरंगाचेच." खरे आहे. पण हे आपण ऐकवतो कोणाला? बहिणीला! २००५ पासून कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तरी हक्कसोडपत्रावर तिची सही घेताना भावाला वैराग्य आठवते!

तुकोबारायांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. पण आधी धाकट्या कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला. बुडविली ती आपल्याच वाट्याची! हीच खूण ओळखावी. आपल्या वाट्याविषयी वैराग्य, दुसऱ्याच्या वाट्याविषयी न्याय.

बाबांनो, सातबाऱ्यावरचे नाव एका फेरफाराने बदलते. तेव्हा धनी होऊ नका, राखणदार व्हा. बहिणीचा वाटा तिच्या पदरात घाला, आणि मग विठ्ठलापुढे म्हणा, "देवा, हे सारे तुझेच." रामकृष्णहरि!