पाठीशी कोण?

दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याला न विचारता काही करावे की करू नये, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. पण त्यांपैकी कोणी बायकोबरोबर दोघांच्या कयाकमध्ये बसला नसावा.

आम्ही बसलो. न्यूझीलंडला लेकीकडे गेलो होतो. तिने एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्याने तीन दिवस वल्हवत जायची आमची व्यवस्था करून टाकली. (आम्हाला न विचारता, बरं का!) मूळची कयाक उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची, सीलच्या कातड्याची, मालकाच्या मापाने बांधलेली आणि बहुधा एकट्याची. शहाणी माणसं!

माराहाउच्या किनाऱ्यावर होड्या देणाऱ्या पोराने विचारलं, "दोघांत शांत डोक्याचं कोण?" आम्ही दोघांनी एकाच व्यक्तीकडे बोट दाखवलं. सौभाग्यवती मागे बसल्या. सुकाणूची पेडलं मागच्याच्या पायाशी असतात. पुढच्याच्या हाती वल्हं आणि होडी आपणच नेतोय हा समज.

पहिला दिवस झकास गेला. सोनेरी वाळू, पाण्यापर्यंत उतरलेलं हिरवं रान. दुसऱ्या दिवशी मला टाँगा बेटावरचे सील बघायचे होते. दुपारी वारा सुटला, लाटांना पांढरे तुरे आले. ही म्हणाली, "अहो, आज पुरे."

"भिऊ नकोस, मी आहे ना!" मी म्हणालो. वास्तविक पाठीशी ती होती. मी जिवाच्या आकांताने वल्हवलं आणि पाहतो तो समोर बेट नाहीच, बार्क बेची वाळू!

"विचारायचं तरी!" मी कडाडलो.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

रात्रभर वाऱ्याने तंबू फडफडत होता. तिचं बरोबर होतं. पण बरोबर असलं म्हणजे हक्क येतो का? मी मनात तिच्यावर खटला भरला आणि पहाटे आरोपीच्या पिंजऱ्यात मीच उभा. १९८९ साली हिला साताऱ्याच्या शाळेतून नोकरीचं पत्र आलं होतं. ते मी फाडून टाकलं. पोर लहान, हिची तब्येत नाजूक; तिच्याच भल्यासाठी! तिने निदान आधी सांगून पाहिलं होतं. शिवाय वळवली ती होडी दोघांची होती. साताऱ्याच्या होडीत मी नव्हतोच.

दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही, ही मोठी सोय. तिसऱ्या दिवशी शांत पाण्यात मी समोरच्या क्षितिजाला सगळं सांगून टाकलं. मागचं वल्हं थांबलं.

"ठाऊक आहे," बऱ्याच वेळाने आवाज आला. "पोस्टमनने तेव्हाच विचारलं होतं, पत्र पोचलं ना म्हणून."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल, म्हणून वाट बघत होते."

मला बोलवेना. मग मागून प्रश्न आला, "टाँगा बेटाला जायचं का?"

इतक्या वर्षांत इतकं अवघड 'हो' मी म्हटलं नव्हतं.

सील खडकांवर सुस्त लोळत होते. त्यांच्यापासून २० मीटर लांब राहायचं असतं, त्यांच्याच भल्यासाठी. त्यांना कोणी विचारल्याचं मात्र दिसलं नाही.