वावडे

आमच्या मुलीला मांजराचे वावडे आहे, हे कळायला दोन पावसाळे जावे लागले. रात्री तिची छाती भात्यासारखी वाजे. डॉक्टरांनी कारण सांगितले, त्याच संध्याकाळी मी मनीला पोत्यात घातले आणि नदीपलीकडच्या बाजारात सोडून आलो. "मनी आपणहूनच कुठेतरी गेली," असे मुलीला सांगितले. बाप म्हणून मला त्यात काहीच गैर वाटले नाही.

पण धाप थांबली नाही. मांजराच्या लाळेतले व कातडीतले एक प्रथिन कोंड्याबरोबर हवेत तरंगते, गाद्या-पडद्यांत ठाण मांडते आणि मांजर गेल्यावरही महिनोन् महिने तिथेच नांदते. मनी हद्दपार झाली. वावडे घरातच राहिले.

नवल असे की, त्या प्रथिनात विष नसते. देहच निरुपद्रवी पाहुण्याला वैरी समजतो आणि आपल्याच श्वासनलिका आवळून धरतो. १९११ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातील लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांनी बेजार झालेल्या रोग्यांना त्याच परागांचा अर्क टोचून पाहिला. जॉन फ्रीमन यांनी ते काम पुढे नेले. वैऱ्याशी देहाची ओळख करून देणारा हा उपचार, म्हणजे इम्युनोथेरपी, आज मांजराच्या वावड्यावरही देतात. आधी औषधांनी दमा आटोक्यात आणायचा. मग अर्काचा सूक्ष्म अंश हळूहळू वाढवीत तीन ते पाच वर्षे टोचायचा. प्रत्येक सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचे, कारण मात्रा सोसली नाही तर ती उलटते. सर्वांनाच गुण येतो असेही नाही.

त्या अर्ध्या तासात बाकावर बसून मी विचार करतो. मुलीच्या श्वासासाठी मांजर दूर करणे चूक नव्हते. पण तिला एखादे घर शोधून देता आले असते. देह आंधळा; त्याला निरपराधी ओळखता येत नाही. मला तर येत होते! वर्गात भूतदयेचा धडा शिकवणारा मास्तर मी!

परवा तिने विचारले, "बाबा, मी बरी झाले की मनी परत येईल?"

मी खरे ते सांगून टाकले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोत्यात तिला श्वास घेता येत होता का हो?"

याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.