ते लेकरू कुणाचं?

मेलेल्या माणसाचे चित्र पाहावे की पाहू नये, हा प्रश्न आमच्यापुढे पोथीतून आला नाही. एका म्हाताऱ्या माउलीने तो विचारला, आणि तेव्हापासून तो आमची पाठ सोडीत नाही. म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दौंड तालुक्यात भीमेकाठच्या एका गावी आम्ही सप्ताहाला गेलो होतो. हरिपाठ आटोपला होता, कीर्तनाला अजून अवकाश होता. शिरूर-दौंडकडची पोरे पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जाणारी. भरतीसाठी पहाटे कालव्याच्या कडेने धावणारी मुले आजही दिसतात. त्यांना लढाई म्हणजे काय ते कळावे, म्हणून तेथील एका गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर चादर ताणून जुन्या अमेरिकन न्यूज रीळा लावल्या. अशा रीळांचा मोठा साठा त्या देशाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एकट्या युनिव्हर्सल कंपनीच्या 1929 पासून 1967 पर्यंतच्या रीळा तेथे आहेत, आणि त्या कोणालाही पाहता येतात. आमच्या लहानपणी जत्रेतल्या तंबूत सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची न्यूज रीळ लागे. ती कधी संपते याचीच आम्ही वाट पाहत असू. त्या दिवशी मात्र तोच खेळ होता.

आधी रस्ते, मोटारी, कारखाने झाले. मग तारावाची लढाई आली. तारावा ही प्रशांत महासागरातली चिमुकली जागा. 1943 च्या नोव्हेंबरात 20 ते 23 तारखेपर्यंत तेथे अमेरिकन आणि जपानी फौजांची झुंज झाली. अमेरिकेचे सुमारे एक हजार लोक पडले. जपानी शिपाई आणि त्यांनी राबायला आणलेले कोरियन मजूर मिळून साडेचार हजारांवर गेले. नॉर्मन हॅच आणि त्याचे सोबती गोळीबारात उभे राहून हे सारे कॅमेऱ्यात धरीत होते. पाण्यावर तरंगणारी आपल्याच पोरांची प्रेते लोकांना दाखवावीत की नाही, हा प्रश्न राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला. त्यांनी दाखवा म्हणून सांगितले, आणि 1944 साली तो बोलपट थिएटरांत लागला.

त्यात एका ठिकाणी दोन्ही बाजूंचे शिपाई एकाच चित्रात दिसतात. खंदकातून निघून जपानी पळू लागले, तशी आमच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. खोटे कशाला बोला? आमचाही हात उठला होता. इतक्यात पाण्यात पालथा पडलेला एक शिपाई दिसला, आणि मागून आवाज आला, “आरं, ते लेकरू कुणाचं?”

गुरुजी म्हणाले, “आजी, अमेरिकेचा शिपाई आहे.”

“ते दिसतंय मला. आई कोण त्याची? तिला कळिवलं का कुणी?”

कोणालाच सांगता येईना. मागून कळले, त्या माउलींचा थोरला पलटणीत होता. तो गेल्याची तार आली तेव्हा त्या रानात खुरपीत होत्या.

खेळ संपल्यावर गावात दोन पक्ष झाले. एक म्हातारबुवा म्हणाले, “मेल्या माणसावर कपडा घालावा ही आपली रीत. हे उघडं टाकून बघत बसणं धर्माला धरून नाही.” हे म्हणणे आम्हांस हलके वाटत नाही. वाटेत कोणी पडला तर आपण आधी उपरणे काढतो. मेलेल्याला आपली लाज राखता येत नाही. ती जिवंताने राखायची असते.

पण झाकणारा कोणासाठी झाकतो, हेही पाहिले पाहिजे. 1937 सालच्या मे महिन्याच्या 30 तारखेस अमेरिकेतील शिकागो शहरी पोलादाच्या कारखान्याचे संपकरी माळावरून चालले होते. बायामुलेही बरोबर होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसे मेली. जमावाने हल्ला केला म्हणून आम्ही गोळी घातली, असे पोलिसांनी सांगितले. पॅरामाउंट कंपनीच्या माणसाने ते सारे टिपले होते. पण लोक खवळतील असे सांगून कंपनीने ती रीळ दाबून ठेवली. पुढे सिनेटच्या समितीने ती मागवून पाहिली, तेव्हा पोलिसांच्या सांगण्यातला खोटेपणा उघडा पडला. एकाही पोलिसाला शिक्षा मात्र झाली नाही. येथे पेटीत मेलेल्यांची लाज झाकली नव्हती. मारणाऱ्याचे कर्म झाकले होते. कपडा दोन्हीकडे एकसारखाच दिसतो. तो कोणाच्या अंगावर पडला आहे, हा विवेक करावा लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. ज्या भीमेच्या काठी आम्ही बसलो होतो, ती वर शिरूर तालुक्यातल्या कोरेगावाजवळून येते आणि पुढे पंढरीस जाऊन चंद्रभागा होते. कोरेगावी 1818 च्या जानेवारीच्या 1 तारखेस लढाई झाली. तेथील स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे कोरली आहेत. नावे आहेत, चेहरे नाहीत. तारावाच्या रीळेत चेहरे आहेत, नावे नाहीत. आणि कोरेगावी पेशव्यांच्या बाजूने जे पडले, त्यांचे त्या दगडावर नावही नाही. तारावाला राबता राबता मेलेल्या कोरियन मजुरांचे तसेच. ज्याच्या हाती छिन्नी किंवा कॅमेरा, तो आपल्या माणसाला राखतो. पाहणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. जो दिसत नाही त्याचीही चौकशी करावी.

तेव्हा पाहावे की पाहू नये? आमच्या अल्पमतीला असे वाटते की, पाहावे. पण फुकट पाहू नये. पाहणाऱ्यावर ऋण चढते. आपण ज्याचे मरण पाहिले, त्याचे आपण साक्षी झालो, आणि साक्षीदाराने टाळ्या वाजवायच्या नसतात. ते लेकरू कुणाचं, एवढे मनापासून विचारले तरी ऋणाची पहिली फेड झाली. हे विचारण्याची ज्याची तयारी नाही, त्याने खुशाल घरी बसावे. म्हातारबुवांचे म्हणणे त्याच्यापुरते खरे आहे. आणि जी पोरे उद्या पलटणीत जाणार, त्यांनी तर हा प्रश्न बरोबर घेऊनच जावे. त्याने हात दुबळा होतो असे आम्हांस वाटत नाही. त्या माउलीने थोरला गेल्यावरही धाकट्याला भरतीला पाठविले, असे गावात सांगतात.

त्या रात्री आम्ही कीर्तनात टाळ धरून उभे राहिलो. संध्याकाळी टाळीसाठी उठलेला हात हाच, हे काही केल्या मनातून जाईना. वाचकांपैकी कोणास याहून निराळे वाटत असेल, तर त्यांनी जरूर लिहावे.