मुक्याची संमति

बिऱ्हाड एका गांवाहून दुसऱ्या गांवीं हलविणें ही मध्यमवर्गाच्या आयुष्यांतील नित्याची गोष्ट होऊन बसली आहे. बदली, बढती, मुलांचें शिक्षण, वृद्धांचें औषधपाणी, अशा कोणत्या ना कोणत्या कारणानें वीस वर्षांचें घर आठ दिवसांत पोत्यांत आणि पेट्यांत भरलें जातें. या उलाढालींत घरांतील प्रत्येक माणसाला कांहीं ना कांहीं विचारलें जातें. पतिपत्नींत विचारविनिमय होतो, मुलांची समजूत घातली जाते, वडील माणसें कुरकुरलीं तर त्यांना निदान कारणें तरी सांगितलीं जातात. घरांतील एकच जीव असा असतो कीं, त्याला कोणी विचारीत नाहीं. कारण विचारण्याची सोयच नाहीं. तो जीव म्हणजे घरचें कुत्रें किंवा मांजर. ज्याची संमति घेतां येत नाहीं, त्याच्या वतीनें निर्णय घेण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो, आणि तो निर्णय घेतल्यावर आपणांवर कोणतें ऋण चढतें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

व्यवहारानें या प्रश्नाचें उत्तर फार सोपें करून ठेविलें आहे. आपल्या रेल्वेच्या नियमांप्रमाणें प्रथम वर्गांतील दोन किंवा चार शायिकांची आख्खी खोली आपल्या नांवें राखून मिळाली, तरच कुत्रें मालकाच्या सोबत प्रवास करूं शकतें. एरवीं त्याची रवानगी गार्डाच्या डब्यांतील पेटींत होते. आकारणी सामानाच्या दरानें, जोखीम मालकाची, आणि वाटेंतील अन्नपाण्याची जबाबदारीही त्याचीच. हे नियम करणारांस आम्ही दोष देत नाहीं. शेंकडों उतारूंच्या सोयीचा विचार त्यांना करावाच लागतो. पण पावतीवर ज्याची नोंद सामानाच्या दरानें झाली, त्याला मनानेंही सामानच समजावें असा जो मोह होतो, तो मात्र नियमाचा नव्हे, आपला असतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस पुण्याहून कोलकात्यास बिऱ्हाड न्यावें लागलें, तेव्हां या मोहाची पुरती ओळख झाली. प्रथम वर्गांत जागा मिळाली नाहीं, आणि आमचा मोती पेटींत गेला. प्रवास सुमारें २,००० किलोमीटरांचा. आमचा डबा गाडीच्या पुढच्या अंगास, गार्डाचा डबा शेवटास. प्रत्येक मोठ्या स्थानकावर पाण्याचा तांब्या आणि भाकरी घेऊन फलाटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवावें, तों गाडीची शिटी व्हावी. एका जंक्शनावर पेटीपुढें पार्सलांची अशी रास रचलेली होती कीं, हात आंत जाईना. दुसऱ्या एका ठिकाणीं पाणी पाजतां पाजतां गाडी सुटली, आणि भलत्याच डब्यांत चढून पुढच्या स्थानकापर्यंत दाराशीं ताटकळत उभें राहावें लागलें. मोत्यानें भाकरीला तोंड लावलें नाहीं. हावड्यास त्याला बाहेर काढतांना साखळी हमालाच्या हातून निसटली, आणि त्या अफाट गर्दींत तो दिसेनासा झाला. अर्ध्या तासाच्या शोधानंतर सांपडला तो कोठें? आमच्याच सामानाच्या ढिगाशीं, मातोश्रींच्या जुन्या वळकटीला नाक लावून बसलेला. दूरध्वनीवर कबूल केलेली गोष्ट घरमालकांनीं दारांत नाकारली, म्हणून पुढचे चार दिवस एका परिचितांच्या गच्चीवर त्याची सोय करावी लागली, तें निराळेंच.

वळकटीपाशीं बसलेल्या मोत्याला पाहून आमच्या घरची मंडळी म्हणाली, "पाहा, पळून जायची संधि होती, तरी हा गेला नाहीं. त्याला आपल्याबरोबरच यायचें होतें." ही समजूत गोड आहे, पण खरी नव्हे. त्या परक्या नगरींत त्याच्या ओळखीची वस्तु एकच होती, आणि तिला तो बिलगला. ज्याला दुसरा मार्गच ठाऊक नाहीं, त्यानें धरलेल्या मार्गास संमति म्हणतां येत नाहीं. त्याला विश्वास म्हणतात. आणि या दोहोंत मोठें अंतर आहे. जो संमति देतो, तो परिणामांतील आपला वांटा स्वतःच्या शिरावर घेतो. पुढें हाल झाले तर "तुम्हीही हो म्हणालां होतां" असें त्यास सांगतां येतें. जो केवळ विश्वास ठेवितो, तो सगळाच भार आपणांवर टाकून मोकळा होतो. म्हणून संमतीनें आपलें कर्तव्य हलकें होतें, विश्वासानें तें जड होतें.

पाश्चात्य तत्त्ववेत्त्यांनीं पशूंविषयीं पुष्कळ विचार केला आहे. देकार्तनें पशूंस यंत्रवत् मानलें, तेव्हां प्रश्नच उरला नाहीं. कांटच्या मतें पशूंविषयींचें आपलें कर्तव्य अप्रत्यक्ष आहे. जो जनावरांशीं निर्दय वागतो तो माणसांशींही निर्दय होतो, म्हणून तें टाळावयाचें. बेंथामनें १७८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत कसोटीच बदलली: प्राण्यास बुद्धि आहे कीं नाहीं हें न पाहतां, त्यास वेदना होते कीं नाहीं हें पाहावें, असें त्याचें सांगणें. हें पाऊल मोठें खरें, पण आमच्या प्रश्नास तें पुरें पडत नाहीं. फलाटावरच्या उपाशी कुत्र्याची भूक आणि पेटींतल्या मोत्याची भूक, वेदना म्हणून दोन्ही सारख्याच. तरी आपणांवरचा त्यांचा हक्क सारखा नाहीं. रामेश्वरास नेत असलेली गंगेची कावड नाथांनीं वाटेंत तळमळणाऱ्या गाढवास पाजली, असें परंपरा सांगते. ती दया, कारण त्या गाढवाचें नाथांनीं कांहींच घेतलेलें नव्हतें. आपल्या दारीं वाढलेल्या जीवाला आपण स्वतःच परावलंबी केलेलें असतें. त्याला पाणी पाजणें ही दया नव्हे, कर्जफेड आहे. आणि कर्ज फेडतांना दानशूराचा आव आणूं नये.

या विषयावर बोलतांना धर्मराजाची आठवण कोणासही होईल. महाप्रस्थानिक पर्वांत इंद्राचा रथ समोर उभा असतां, सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत जाण्याचें त्यानें नाकारलें. परंतु तें कुत्रें हस्तिनापुरापासून आपल्या पायांनीं चालत आलें होतें. तें केव्हांही परत फिरूं शकलें असतें. आमचें कुत्रें पेटींत घालून आणलेलें. जो आपण होऊन मागें आला, त्याला टाकणें जर अधर्म, तर ज्याला आपण उचलून आणलें, त्याच्या बाबतींत आपली जबाबदारी किती वाढते, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

यावर कोणी म्हणेल, एवढे हाल करण्यापेक्षां जनावर मागें ठेवावें हें बरें नव्हे काय? कधीं कधीं बरें असतेंही. मांजर माणसापेक्षां जागेला अधिक धरून असतें. नव्या घरीं नेलेलें मांजर जुन्या घराच्या वाटेला लागल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. जुन्या वाड्यांतच कोणी ओळखीचें, मायेचें माणूस त्याला सांभाळणार असेल, तर तेथें ठेवणें हेंच त्याचें हित. परंतु "मागें ठेवणें" आणि "सोडून देणें" यांत गल्लत होऊं नये. निघण्याच्या आदल्या रात्रीं जनावराला दूर नेऊन सोडणें, याला सोय म्हणत असले तरी तो विश्वासघात आहे. पशुक्रौर्यप्रतिबंधक कायद्यानें १९६० सालींच, भूकतहानेचे हाल होतील अशा स्थितींत जनावरास विनाकारण टाकून देणें हा गुन्हा ठरविला. मात्र कायद्यांत पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपयांचा! कायद्याच्या भीतीनें हा धर्म पाळला जाईल अशी आशा अर्थातच व्यर्थ आहे.

आणि मुक्कामीं पोहोंचल्यानें कर्ज फिटतें असेंही नाहीं. कोलकात्याच्या गल्लींतील मुलें मोत्याला बंगालींत "आय, आय" म्हणून बोलावीत, आणि तो गोंधळून आमच्या तोंडाकडे पाही. आपण नव्या शहराचे नकाशे पाहतों, शेजाऱ्यांशीं बोलतों, जुन्या घरीं पत्रें धाडतों. त्याला सांगितलेलेंच नसतें कीं, आतां परत जावयाचें नाहीं. म्हणून फिरण्याची वेळ, जेवणाचें ताट, निजण्याचें जुनें फाटकें पोतें, एवढें तरी त्याच्यासाठीं तेंच ठेवावें. सारें सामान नवें घेण्याच्या उत्साहांत तें पोतें फेंकून देणारास आपण काय फेंकलें हें कळत नाहीं.

खरें पाहतां हा प्रश्न कुत्र्यामांजरांपुरता नाहीं. तान्हें मूल, स्मृति गेलेले आजोबा, परभाषेच्या गांवीं दिवसभर खिडकीशीं बसून राहणारी आजी, यांना आपण विचारतों म्हणजे बहुधा सांगतोंच. तींही आपल्याबरोबर येतात तीं दुसरा मार्ग नसतो म्हणून. त्यांच्या मौनाला होकार समजणें सोपें आहे, आणि सोयीचेंही आहे. ज्यांचा होकार आपण स्वतःच गृहीत धरला, त्यांच्या वांट्याची गैरसोय शक्य तितकी आपल्या अंगावर घ्यावी, याहून दुसरा न्याय आम्हांस दिसत नाहीं.