ताटावरचा रुमाल

ख्रिस्तजयंतीचे दिवस जवळ आले की आपल्या घरांतून तुपाचा आणि वेलचीचा दरवळ सुटू लागतो. काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर पिठाची गोळी दाबून कुलकुल वळण्यासाठी सारे घर गोल करून बसते. नानकटाई, करंज्या, दोदोल, खजुराचे रोल तयार होतात, ताटे भरली जातात आणि विणलेल्या रुमालाखाली झाकून मुलांच्या हाती शेजाऱ्यांकडे रवाना होतात. गोव्यात या ताटासाठी 'कोन्सुआदा' हा पोर्तुगीज शब्द रुळला. त्याचा मूळ अर्थ नाताळच्या पूर्वरात्रीचे भोजन. मंगळूरकडे याच फराळाला 'कुस्वार' म्हणतात. नावे निराळी असली तरी रीत एकच आहे: जे घरात गोड झाले ते उंबरठ्याबाहेर गेले पाहिजे.

या रीतीविषयी एक प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे. आपण ताट सजवतो ते कोणासाठी? घेणाऱ्यासाठी की आपल्यासाठी? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे तो माझ्यापुरता क्षुल्लक राहिलेला नाही.

आमच्या धर्मग्रामात नाताळनंतर स्नेहमेळावा भरतो. घरोघरचे गोड पदार्थ एका लांब टेबलावर मांडले जातात आणि त्या वर्षी मांडणीचे काम माझ्याकडे होते. आमच्या आळीतील एका मावशींनी नानकटाई आणली होती. ताट जुने होते, कडेचा टवका उडालेला होता आणि वर एक पांढरा रुमाल होता. मी तो रुमाल काढून घडी करून बाजूला ठेवला आणि ताट मागच्या रांगेत, तीन मजली केकच्या आड सरकवले. टेबल शोभिवंत दिसावे, एवढाच माझा हेतू होता. मेळावा संपला तेव्हा ते ताट जवळजवळ भरलेलेच होते. मावशींनी ते निमूटपणे उचलले. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. "गुडघे दुखतात गं," एवढेच त्या म्हणाल्या.

यावर कोणी म्हणेल, "देण्यामागचा भाव महत्त्वाचा, ताटाचे काय घेऊन बसलात?" हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. नीटनेटके देणे हाही भावाचाच एक भाग आहे. नानकटाई गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावले तर आतल्या वाफेने ती मऊ पडते. ज्याला पाहुण्याची काळजी आहे तो ती निवू देतो. कुरकुरीत करंजी ओलसर दोदोलाशेजारी ठेवली तर सकाळपर्यंत तिचा खुसखुशीतपणा जातो. म्हणून मध्ये कागद घालावा लागतो. आगाशीची सुकेळी केळीच्याच सुक्या पानात बांधलेली आपण पाहिली आहेत. ते वेष्टन दिसते साधे, पण आतल्या फळाला जपते. अशा मांडणीत दिखावा नसतो. घेणाऱ्याच्या जिभेचा विचार असतो.

याहून मोठा विचार सत्याचा आहे. आपले ताट हिंदू शेजाऱ्यांकडे जाते, मुसलमान शेजाऱ्यांकडे जाते. केकमध्ये अंडे आहे, फळे रममध्ये भिजवलेली आहेत, बर्फीत काजू आहेत, हे न सांगता सारे एकाच ताटात रचले तर ताट सुंदर दिसेल. पण ज्याला ते वर्ज्य आहे त्याची आपण फसवणूक केलेली असेल. त्याचे पदार्थ वेगळ्या बशीत ठेवून "हे बिनअंड्याचे आहे" असे सांगणे हीच खरी सजावट होय. आजकाल विकतचे पदार्थ घरच्या ताटात मांडून घरचे म्हणून पाठवण्याचा मोहही होतो. विकत घेण्यात पाप नाही. नोकरी करणाऱ्या बाईला चुलीपुढे बसायला वेळ कुठला? परंतु न केलेल्या श्रमांचे श्रेय घेतले की मांडणी खोटी साक्ष देऊ लागते.

शुभवर्तमानात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. दान करताना पुढे कर्णा वाजवू नका, असे प्रभूने बजावले. थाळीवाटी बाहेरून घासून आत लोभ ठेवणाऱ्यांना त्याने खडसावले. आणि त्याच प्रभूने बेथानीत तीनशे दिनारांहून अधिक किमतीचे सुगंधी तेल आपल्यावर ओतू दिले. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई. ही उधळपट्टी नव्हे काय, असे लोकांनी विचारले तेव्हा त्याने त्या स्त्रीची बाजू घेतली. येथे संत मार्कने नोंदवलेला एक तपशील मला मोलाचा वाटतो: तिने ती कुपी फोडली. पात्र मिरवण्यासाठी उरलेच नाही; जे होते ते सारे त्याच्यासाठी होते.

चौथ्या शतकात अंत्युखिया नगरीत प्रवचने देणारे संत योहान ख्रिसोस्तोम यांनीही हाच विवेक शिकवला. वेदीवर सोन्याचे प्याले असावेत आणि दाराशी ख्रिस्त गरिबाच्या रूपाने उपाशी असावा, हे त्यांना असह्य होते. तरीही त्यांनी सजावटीला मनाई केली नाही. आधी भुकेल्याला वाढा, मग वेदी सजवा, असा क्रम त्यांनी लावून दिला. माझा क्रम चुकला होता. मी टेबल सजवले आणि माणूस मागे ठेवला.

देणगीला आणखी एक बाजू आहे. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात दाखवून दिले की अनेक समाजांत देणे, घेणे आणि परतफेड करणे ही तिन्ही बंधने एकत्रच येतात. आपल्याकडेही शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असा शिरस्ता आहे. साखरेची चिमूट कोणालाही परवडते, म्हणून तो शिरस्ता टिकला. परंतु ताटाची जागा चकचकीत खोक्याने आणि रेशमी फितीने घेतली की परतफेडही त्याच तोलाची करावी लागते. ज्याला ती झेपत नाही तो हळूहळू देण्याच्या वर्तुळातून बाहेर पडतो, आणि बाहेर पडताना गुडघ्यांचे कारण सांगतो. जी शोभा गरिबाचे देणे बंद पाडते ती शोभा ख्रिस्ती नव्हे, असे मी आता म्हणेन. विधवेच्या दोन दमड्या प्रभूने सर्वांसमोर मोजल्या. मी त्या केकच्या आड ठेवल्या.

गेल्या डिसेंबरात मी मावशींच्या घरी गेले. क्षमा मागायचे शब्द पाठ केले होते. ते तोंडातून निघाले नाहीत. "मावशी, तुमची नानकटाई खायला आले," एवढेच म्हटले. त्यांनी डबा काढला. नानकटाईच्या प्रत्येक थरामध्ये कागद होता आणि डब्यावर तोच पांढरा रुमाल होता. मी तो प्रथमच नीट पाहिला. त्याला खळ दिलेली होती, इस्त्री केलेली होती आणि कोपऱ्यात बारीक टाक्यांचा एक क्रूस भरलेला होता. ज्या ताटाला मी सजावट नाही असे समजले होते त्याची सजावट मीच घडी करून बाजूला ठेवली होती.

डबा मी रिकामा परत केला नाही. तरीही मावशी अद्याप मेळाव्याला येत नाहीत, आणि त्यांनी यावेच असा आग्रह धरण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. येत्या नाताळी मांडणीचे काम पुन्हा माझ्याकडे आले तर प्रत्येक ताट त्याच्या रुमालासह पुढच्या रांगेत ठेवावे आणि तो रुमाल ज्याचा त्याला काढू द्यावा, एवढे मात्र मी ठरवले आहे.