जोतं कोणाचं, छप्पर कोणाचं?

गेल्या सत्रात मी शेवटच्या वर्षाला शाश्वत वास्तुरचना शिकवत होते. पश्चिमेची भिंत किती तापते, वारा घरात कसा खेळतो, जुनी इमारत पाडण्याआधी दहादा विचार का करायचा, वगैरे. तास संपल्यावर एक मुलगी थांबली.

‘मॅडम, सगळं पटतं. पण नोकरी लागल्यावर मला काचेचे टॉवरच काढायचेत. मग हे शिकवून तुम्ही काय साधता?’

प्रश्न झोंबला, कारण हिशेब सरळ आहे. माझा पगार तिच्या फीमधून येतो, फी शैक्षणिक कर्जातून, आणि ते कर्ज फिटणार त्याच टॉवरांमधून. मग विद्यार्थी पुढे जे बांधतात, त्याची जबाबदारी शिकवणाऱ्यावर किती?

मला बाळकृष्ण दोशी आठवले. पुण्यात जन्मलेले, जे.जे.मधलं शिक्षण अर्धवट सोडलेले, आणि तरीही १९६२ साली अहमदाबादला वास्तुकलेची शाळा काढणारे. पुढे त्या शाळेचं सेप्ट विद्यापीठ झालं. २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय.

इंदूरची त्यांची अरण्य वसाहत सुमारे ८५ हेक्टरवर आहे. तिथे सगळ्यांत गरीब कुटुंबांना पूर्ण घर दिलंच नाही. छोटा प्लॉट, जोतं, नळ आणि संडास-न्हाणी दिली. पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. काय काय करता येईल हे दाखवायला ८० नमुना घरं बांधली. लोकांनी नंतर आपल्या मनासारखे बदल केले, मजले चढवले. काहींनी जागा विकल्याही. वास्तुकाराच्या हातात ते राहिलं नाही. राहू नये, अशीच ती योजना होती.

पण दोशींनी सगळंच मोकळं सोडलं नव्हतं. गटार, पाणी, रस्ते, घरांची दिशा हे आधी पक्कं केलं. एकट्या कुटुंबाला जे नंतर दुरुस्त करता येणार नाही, ते आधी नीट करायचं. बाकीचं सोडायचं. शिकवण्यालाही हाच नियम लावावासा वाटला. मी तिला म्हटलं, ‘जोतं माझं. छप्पर तुझं. पहिल्याच मीटिंगमध्ये एवढंच विचार, की या काचेमागच्या एसीचं बिल वीस वर्षं कोण भरणार?’

ती म्हणाली, ‘आणि विचारलं म्हणून काढून टाकलं तर?’

इथे माझं उत्तर तोकडं पडलं. धोका तिचा, पगार माझा सुरक्षित. ‘जोतं दिलं, आता तू बघ’ म्हणणं ही पळवाटही असू शकते.

अरण्यमधली आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली. ती छोटी घरं ओळीने एकमेकांना चिकटून आहेत. भिंतीला भिंत लागली की दोघांनाही ऊन कमी लागतं. आम्ही मात्र मुलांना तत्त्वं देतो आणि एकेकटं उन्हात पाठवतो.

आता मी माजी विद्यार्थ्यांची महिन्यातून एक बैठक घेते. कोणाला ऑफिसात काय विचारता आलं, कोण गप्प बसलं, का बसलं, एवढंच बोलतो. मागच्या वेळी सहाजण आले. तीही होती. तिने अजून तो प्रश्न विचारलेला नाही.

मी तिला दोष देत नाही. पण स्वतःला पूर्ण माफही करत नाही.